झड आणि भुरंगट : सह्याद्रीच्या दोन बाजूंचे सहा दिवस

इंदूरच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षे भूगोल शिकवला. पर्जन्यछायेचा पाठ साधारण जुलैत यायचा, तेव्हा खिडकीबाहेर मालव्याचा पाऊस पडत असायचा आणि मी फळ्यावर एक डोंगर काढून त्याच्या डाव्या अंगाला ढग आणि उजव्या अंगाला मोकळी जागा दाखवत असे. ती मोकळी जागा, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेचा कोरडा प्रदेश, मी स्वतः कधीच पाहिलेली नव्हती. आमच्यासारख्या इंदूरच्या मराठी घरांचे पूर्वज त्याच प्रदेशातून इकडे आले, होळकरांचे मूळ गाव नीरेकाठचे होळ आणि अहिल्याबाईंचे माहेर चौंडी हीही त्याच कोरड्या पट्ट्यातली, हे मुलांना सांगताना दरवेळी मनात एक रुखरुख राहायची. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, म्हणजे २०२३च्या अधिक श्रावणात, आम्ही निघालो. गाडी धाकटे दीर चालवणार होते. बरोबर हे आणि मी.

निघण्याच्या तीन दिवस आधी, १९ जुलैच्या रात्री, रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. नातेवाइकांचे फोन येऊ लागले की बेत रद्द करा. आम्ही बेत रद्द केला नाही. मात्र घाटातून रात्री जायचे नाही आणि कोकणाच्या बाजूला उतरायचे नाही, हे दोन नियम ठरवून घेतले.

पहिला दिवस, २२ जुलै : इंदूर, जाम दरवाजा, जलूद, धुळे

सकाळी पोहे खाऊन, डब्यात जाडी शेव भरून निघालो. आग्रा-मुंबई महामार्ग सोडून आम्ही मुद्दाम महूवरून जाम दरवाजाचा रस्ता धरला. अहिल्याबाईंच्या काळात, १७९१ साली, विंध्याच्या कड्यावर बांधलेल्या या दरवाजातून एका बाजूला मालव्याचे पठार आणि दुसऱ्या बाजूला खोल निमाड दिसते. आम्ही पोहोचलो तेव्हा कमानीत धुके दाटले होते आणि रिमझिम चालू होती. घाट उतरून खाली आलो तोच काच पुसणारे पाते कोरडे घासू लागले. पंधरा-वीस मिनिटांत हवा बदलली, अंगावरची शाल काढावी लागली. पुढे जे पाहायचे होते त्याची ही लहान आवृत्ती घराजवळच होती, आणि इतक्या वर्षांत मी तिच्याकडे त्या नजरेने पाहिले नव्हते.

मंडलेश्वरजवळच्या जलूदला थांबण्याचा आग्रह माझा होता. इंदूर नर्मदेपेक्षा सुमारे ४०० मीटर उंचावर आहे. इथून उपसलेले पाणी टप्प्याटप्प्याने विंध्य चढवून सत्तर किलोमीटरवरच्या आमच्या नळाला येते. १९७० साली हे पाणी मिळावे म्हणून इंदूरकरांनी मोठे आंदोलन केले, त्यात माझे वडील होते. १९७८ साली नर्मदा इंदुरात पोहोचली. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावली यांच्यावर शहराची भिस्त होती आणि मे महिन्यात आई आम्हा भावंडांना एका बादलीत आंघोळ उरकायला लावत असे. आता आम्ही ते विसरलो आहोत. पंपांची घरघर ऐकत उभी असताना माझ्या मनात एवढेच आले की इंदूरची तहान भागवणारा पाऊस इंदुरात पडतच नाही. तो दूर अमरकंटकापासूनच्या डोंगरांत पडतो.

महेश्वरला घाटावर तासभर बसून खलघाटच्या पुलावरून पुन्हा महामार्गाला लागलो आणि मुक्कामाला धुळ्यात पोहोचलो.

*जाणाऱ्यांसाठी :* जाम दरवाजाच्या रस्त्यावर पावसाळ्यात शनिवार-रविवारी फार गर्दी होते. सकाळी आठच्या आत पोहोचावे, आणि कड्याच्या टोकाशी छायाचित्रांसाठी जाऊ नये. तिथली माती निसरडी आहे.

दुसरा दिवस, २३ जुलै : धुळे ते वाई

हा दिवस गाडीतच गेला. मनमाड, येवला, कोपरगाव या पट्ट्यात आभाळ भरलेले होते, पण रस्त्याकडेच्या घरांपुढे निळी पिंपे ओळीने मांडलेली होती आणि शेतांतले मक्याचे पीक गुडघ्याच्याही खाली होते. पुण्यानंतर पाऊस लागला. खंबाटकीचा घाट ओलांडून वाईत आत्यांच्या घरी शिरलो तेव्हा अंधार पडला होता आणि कृष्णेचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. "नर्मदेकाठची माणसं आलीत, पाय धुवायला गरम पाणी द्या," असे म्हणत आत्या पुढे आल्या. इंद्रायणीचा मऊ भात, पिठले आणि लसणाची चटणी यापुढे दिवसभराचा शिणवटा उरला नाही.

तिसरा दिवस, २४ जुलै : महाबळेश्वर

पसरणीच्या घाटातून वर चढताना पाचगणीपर्यंत पाऊस ओळखीचा होता. आमच्याकडेही असा पडतो, असे म्हणण्यासारखा. पाचगणी सोडल्यावर मात्र त्याची जात बदलली. थेंब वेगळे दिसेनात, समोरच्या गाडीचे दिवे वीस पावलांवर विझल्यासारखे झाले, आणि झाडांच्या बुंध्यांवरून पाणी उतरत होते ते दोरीसारखे अखंड. आत्यांनी सकाळीच सांगितले होते, "तिकडे पाऊस पडत नाही, झड लागते." तो शब्द मला पुस्तकातून ठाऊक होता. त्या दिवशी तो अंगाला लागला.

इंदुरात आम्ही पाऊस इंचांत मोजतो. अडतीसेक इंच झाला की हंगाम भरला असे वर्तमानपत्र सांगते, म्हणजे साडेनऊशे मिलीमीटरच्या आसपास. महाबळेश्वरची वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलीमीटरहून अधिक आहे. २०२१ च्या जुलैत, रायगड जिल्ह्यात तळिये गावावर दरड कोसळली त्याच दिवसांत, इथे चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला होता. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे, कारण दुसऱ्याच दिवशी सह्याद्रीच्या पूर्वेच्या ज्या माणदेशात आम्ही जाणार होतो तिथे वर्षभरात पाचशेही पडत नाहीत.

बाजारात निम्मी दुकाने बंद होती. भिंतींना बाहेरून निळे प्लास्टिक गुंडाळलेले होते. पूर्वी पावसाच्या माऱ्यापासून भिंती वाचवण्यासाठी गवताची जाड आवरणे बांधत. एका मक्याच्या कणसांच्या टपरीत आम्ही आडोशाला शिरलो. मालकाची आई आत शेगडीपाशी बसली होती. निखाऱ्यांवर बांबूची मोठी टोपली पालथी घातलेली आणि तिच्यावर नातवंडाची दुपटी पसरलेली. दर थोड्या वेळाने ती एकेक दुपटे उलटायची, गालाला लावून पाहायची आणि परत ठेवायची. "आषाढात धुतलेलं कापड गौरीला वाळतं," ती म्हणाली, "तान्ह्या पोराचं मात्र थांबत नाही." मीठ दमट होऊन त्याचा गोळा झाला होता, काड्यापेटी तिने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. इतक्या पावसाचे कौतुक आम्ही पाहुण्यांनी करायचे. तिच्यासाठी ती चार महिन्यांची राखण होती.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गायमुखातून पाणी धो धो कोसळत होते. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पूर्वेकडे निघून सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. ढगांचे गणित शाळेत शिकवण्याइतके सोपे आहे : समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि ओझे इथेच टाकतात, पलीकडे उतरताना तेच वारे तापतात आणि कोरडे होतात. पण नद्यांचे गणित माणसाने पुन्हा मांडले आहे. कोयनेच्या शिवसागरात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठते, आणि त्यातून दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करण्यासाठी बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात सोडण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिली आहे. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, हे मी कृतज्ञतेने मानते. तरी पूर्वेकडे वाहणारी नदी अडवून तिचे पाणी मुद्दाम आधीच भिजलेल्या बाजूला पाठवले जाते, ही गोष्ट त्या गायमुखापाशी उभी असताना मला फार जड वाटली.

*जाणाऱ्यांसाठी :* जुलैत महाबळेश्वरला राहण्यापेक्षा वाईत राहून दिवसा जाऊन यावे. कोकणात उतरणारा आंबेनळी घाट दरडींमुळे वरचेवर बंद होतो. निघण्यापूर्वी स्थानिकांना विचारावे. कपड्यांचे दोन जास्तीचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावेत, छत्रीचा उपयोग होत नाही.

चौथा दिवस, २५ जुलै : वाई, सातारा, वेळू, माण

महाबळेश्वरहून म्हसवड रस्त्याने दीडशे किलोमीटरांच्या आत आहे, आणि दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात. या दिवसाचा प्रवास मी दीरांच्या शेजारी पुढे बसून केला आणि दर दहा किलोमीटरला वहीत नोंद केली. वाईच्या पश्चिमेला भाताची लावणी चालू होती, वाकलेल्या पाठींवर इरली दिसत होती. साताऱ्यात पाऊस रिपरिप होता. कोरेगावला रस्ता ओला, पण आभाळ फाटलेले. पुसेगावच्या पुढे रस्ता कोरडा पडला आणि उन्हात सावल्या उमटल्या. दहिवडीच्या अलीकडे दीरांनी गाडीच्या काचा खाली केल्या तेव्हा आत धूळ आली. चार तासांपूर्वी मी ओल्या मोज्यांनी गाडीत बसले होते, आणि ते मोजे पायातच वाळले होते.

वाटेत कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावी थांबलो. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत हे गाव पहिले आले होते. डोंगराच्या अंगावर कंगव्याने भांग पाडावेत तसे सलग समतल चर दिसतात. गावकऱ्यांनी उन्हाळ्यात टिकाव-फावड्याने काढलेले. पारावर बसलेल्या एका गृहस्थांना मी विचारले की, चर खणून पाऊस वाढतो का? ते शांतपणे म्हणाले, "पाऊस वाढत न्हाई, बाई. पडल्यालं पळून जात न्हाई, एवढंच." त्यांच्या गावात पाणी मोजून पीक ठरवतात, आणि ते मोजणे सोडले की चर असूनही विहिरी तळ गाठतात, हेही त्यांनी न लपवता सांगितले.

संध्याकाळी म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीत यांच्या कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरी पोहोचलो. त्यांच्या मातोश्रींना सगळे 'आक्का' म्हणतात. ओसरीवर बसताच सून तांब्या-भांडे घेऊन आली आणि भांडे अर्धेच भरून दिले. मी ते संपवल्यावर तिने विचारले, "अजून घालू?" आणि पुन्हा अर्धेच दिले. आमच्या घरी पाहुण्याला काठोकाठ भरलेला पेला देतात आणि निम्मे पाणी मोरीत जाते. इथे तहान विचारून भागवतात. रात्री बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, खर्डा आणि वाफाळते हुलग्याचे माडगे होते. जेवण झाल्यावर हात धुतलेले पाणी ताटांतून एका घमेल्यात गोळा झाले आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतले गेले.

*जाणाऱ्यांसाठी :* माणदेशात कुणाच्या घरी उतरणार असाल तर पाण्याचे कॅन दहिवडीत भरून घ्यावेत. आम्ही नेले, आणि आक्कांना त्याचा राग न येता बरे वाटले. कोणत्या महसूल मंडळात किती पाऊस झाला, हे कृषी विभागाच्या संकेतस्थळावर रोज पाहता येते. निघण्याआधी आठवडाभराचे आकडे पाहिले तर दोन्ही बाजूंची कल्पना येते.

पाचवा दिवस, २६ जुलै : टँकर, तलाव आणि एक मेंढपाळ

सकाळी साडेआठला टँकर आला. पावसाळ्याचा ऐन मध्य, आणि वाडीला टँकर. तो गावच्या विहिरीत पाणी सोडतो आणि बायका ते पोहऱ्याने शेंदून घेतात. मी सुनेबरोबर गेले. जाड पाइप विहिरीच्या काठावरून आत सोडला, पाणी खाली दगडावर आपटले तेव्हा सगळ्या जणी क्षणभर गप्प झाल्या आणि मग दोर एकदम खाली गेले. पहिल्या पाण्यात माती ढवळून येते म्हणून ते गुरांसाठी बाजूला ठेवतात. हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडके, फडक्याच्या मध्याला तळहाताने केलेला खळगा, आणि त्यात हळूहळू ओतलेले पाणी : सून एक थेंबही बाहेर सांडू देत नव्हती. मी एक कळशी उचलली. वीस पावलांवर मला ती खाली ठेवावी लागली. तिने दोन हंडे डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन पाच फेऱ्या केल्या.

घरात मधल्या खोलीच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. आक्कांचे चिरंजीव अंगणात खांबाला बांधलेल्या प्लास्टिकच्या पर्जन्यमापकात रोज सकाळी आठला पाहतात आणि त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहितात. जूनचे पान मी उलटून पाहिले : शून्य, शून्य, दोन, शून्य, सात, शून्य. जुलैत पाचाच्या वरचा आकडा दोनदाच होता. दोन मिलीमीटरच्या चौकोनात त्यांनी बारीक अक्षरांत 'भुरंगट' असे लिहिले होते. भुरंगट म्हणजे मातीचा वरचा थर काळा करून जाणारा, ओल खाली न उतरवणारा शिपका. त्यावर भुलून ज्यांनी बाजरी पेरली त्यांच्या शेतात कोंब सुकून कागदासारखे झाले होते. दुबार पेरणीचे बियाणे कुठून आणायचे, ही त्या सकाळची ओसरीवरची चर्चा होती.

दुपारी राजेवाडीचा तलाव पाहिला. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम देण्यासाठी इंग्रजांनी माण नदीवर हा तलाव हाती घेतला. बांध आजही पहाडासारखा उभा आहे, पाणी मात्र काठापासून बरेच आत सरकलेले होते. ज्यांनी हा बांध घातला त्यांचे पणतू आजही टँकरच्या रांगेत उभे राहतात. कृष्णेचे पाणी उपसून खटाव-माणला आणणाऱ्या जिहे-कठापूर योजनेला १९९७ साली मंजुरी मिळाली, आणि आम्ही गेलो तेव्हाही वाडीतले लोक तिच्याविषयी भविष्यकाळात बोलत होते. इंदूरने आठ वर्षांत नर्मदा आणवली. आम्ही शहर होतो आणि आमचा आवाज मोठा होता, याखेरीज मला दुसरे कारण सुचत नाही.

तलावाच्या काठी मेंढरे चारणारा एक धनगर भेटला. खांद्यावर घोंगडे, वय साठीच्या पुढचे. आम्ही इंदूरहून आलो म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे होळकरांच्या गावाचं! आपलीच की वो मानसं." दिवाळीनंतर तो मेंढरे घेऊन सह्याद्री ओलांडून कोकणात जातो, भाताच्या कापल्या शेतांत मेंढरे बसवतो आणि मिरगाच्या आत परत येतो; ओल्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात म्हणून पावसाळ्यात इकडे माळावर असतो. मी तीन दिवसांत गाडीने जे ओलांडले ते तो दरवर्षी पायी ओलांडतो. मी त्याला महाबळेश्वरच्या झडीविषयी सांगितले. तो म्हणाला, "त्यो आमच्याकडं येत न्हाई, मग आमीच त्याच्याकडं जातो. पन त्यो निघून गेल्यावर. त्येनं ठेवल्यालं गवात खायला." मग त्याने आक्कांच्या घरचे माडगे प्यालात का, अशी चौकशी केली आणि हाळी देत मेंढरांमागे गेला.

सहावा दिवस, २७ जुलै : फलटण, होळ आणि परतीची वाट

निघताना आक्कांनी माझी ओटी भरली, हुलग्याची पुरचुंडी दिली. फलटणच्या पुढे दृश्य पुन्हा पालटले. पाऊस इथेही नव्हता, तरी उसाचे हिरवे फड दुतर्फा उभे होते. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकातल्या त्याच दुष्काळानंतर, १८८५ च्या सुमारास, वाहू लागला. त्याला पाणी पुरवणारे भाटघर धरण भोरच्या डोंगरात आहे, जिथे पाऊस पडतो. माणपासून दोन तासांच्या अंतरावर, सारखेच आभाळ डोक्यावर असताना, एका गावी हंडा आणि दुसऱ्या गावी ऊस. हा फरक माझ्या फळ्यावरच्या डोंगराने पडलेला नव्हता.

होळला नीरेच्या काठी थोडा वेळ उभे राहिलो. १६९३ साली मल्हारराव इथे जन्मले. यांनी नदीचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्याकडे पाहत बराच वेळ काही बोलले नाहीत. परतीचे दोन दिवस सांगण्यासारखे काही नाही.

*

इंदुरात आल्यावर मी अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आकडे लिहू लागले. पुढचा ऑगस्ट, एल निनोच्या त्या वर्षात, १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. माझ्याही चौकोनांत शून्ये भरत गेली आणि शेजारी सोयाबीनविषयी काळजीने बोलू लागले. मग १५-१६ सप्टेंबरला इंदुरात चोवीस तासांत साडेसहा इंचांहून अधिक पाऊस कोसळला. खालच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरले, आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होते. ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्राने चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत आत्यांचा वाई तालुका होता, झडीच्या डोंगराच्या पायथ्याचा. आणि माण नव्हता. त्याचा समावेश पुढे मंडळनिहाय यादीत होण्याची वाट आक्कांचे लोक पाहत राहिले.

सप्टेंबरातल्या त्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी मी आक्कांना फोन केला होता. आमच्याकडचा आकडा सांगितला आणि त्यांच्याकडचा विचारला. त्यांनी चिरंजिवांना हाक मारून दिनदर्शिका बघायला लावली.

"चार," त्या म्हणाल्या. "लिवून ठेवलाय." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुमच्या घरात पानी शिरलं न्हाई न्हवं, बाई?"